आर्केड कॅबिनेटचा कंट्रोल पॅनेल: भोकं पाडण्याआधी सल्ला हवाय (नाशिक)

कारंजा_कट्टा | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं डोक्यात घोळत होतं ते एकदाचं सुरू केलंय. घरातला जुना ३२ इंची टीव्ही, ऑफिसनं भंगारात काढलेला पीसी, आणि त्याभोवती उभं राहून खेळायचं आर्केड कॅबिनेट. बाजूचे दोन पल्ले सुताराकडून कापून आणले आहेत, १८ मिमी प्लायचे, पाच फूट आठ इंच उंच. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते सध्या हॉलच्या भिंतीला टेकून उभे आहेत आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "देव्हारा करताय का?"

अडलंय ते कंट्रोल पॅनेलपाशी. कागदावर काढलंय ते असं: दोन जॉयस्टिक, प्रत्येकाला आठ बटणं, मधोमध ट्रॅकबॉल (तळहातानं फिरवायचा गोळा), त्याच्या वर स्पिनर (गोल फिरवायची मूठ), दोन्ही बाजूंना पिनबॉलची बटणं, शिवाय कॉइन, स्टार्ट, पॉज, एक्झिट आणि आवाज कमी-जास्त करायची दोन. जागा ७५ सेमी रुंद, ३० सेमी खोल. बायकोनं कागद बघितला आणि विचारलं, "हे विमान उतरवायचं कुठं?"

जॉयस्टिक आणि बटणांचा दोन खेळाडूंचा किट ऑनलाइन मागवलाय, यूएसबी एन्कोडर बोर्डासकट (बटण दाबलेलं पीसीला कळवणारा बोर्ड). बटणं ३० मिमीची. भोकं पाडायचा मुहूर्त पुढच्या रविवारचा. त्याआधी काय चुकतंय ते सांगा.

---

मुस्तफाभक्त | रविवार, रात्री १०:५५

तिसरा प्लेअर कुठंय? मुस्तफा तिघांचा गेम आहे. दोघांचं कॅबिनेट म्हणजे लग्नाला बोलावून पंगतीत न बसवण्यातला प्रकार. तीव्र निषेध.

---

गुण्या_आणि_रंधा | रविवार, रात्री ११:२०

कट्टाशेठ, एक विचारतो, राग मानू नका. खेळणार काय काय? बटणं किती ते नंतर. आधी गेमची यादी टाका. अगदी खरीखुरी. "कधीतरी खेळेन" वाले त्यात नकोत.

पॅनेल गेमच्या मापानं शिवायचा असतो. तुम्ही आधी कापड फाडायला निघालात.

---

सिन्नरकर | सोमवार, सकाळी ८:०५

एवढ्या खटपटीत दोन चांगले गेमपॅड आले असते. सोफ्यावर बसून खेळा की.

---

मुस्तफाभक्त | सोमवार, सकाळी ८:१२

@सिन्नरकर, मिसळ घरीपण होते हो. तरी रविवारी रांगेत उभे राहताच ना?

---

कारंजा_कट्टा | सोमवार, दुपारी १:३०

गुण्याकाका, राग कसला. डबा खाता खाता यादी केली:

मुस्तफा (कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स), स्ट्रीट फायटर २, मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स ९७. आठ वर्षांच्या कन्येसाठी पॅकमॅन. अर्कानॉइड मला आवडतो. पिनबॉल... खरं सांगायचं तर आयुष्यात एकदाच खेळलोय.

---

गुण्या_आणि_रंधा | सोमवार, रात्री ९:४५

आता बघा, तुमचीच यादी तुमचं अर्धं विमान जमिनीवर आणते.

मुस्तफा १९९३ चा, कॅपकॉमचा. त्याला दोन बटणं लागतात, मारणं आणि उडी. दोन्ही एकदम दाबली की स्पेशल. मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्स निओ जिओ या आर्केड मशीनवरचे, म्हणजे जास्तीत जास्त चार. सहा बटणं मागणारा एकटा स्ट्रीट फायटर २ (१९९१): तीन ठोसे, तीन लाथा, हलका-मध्यम-जोरात. गंमत म्हणजे १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरच्या एका कॅबिनेटवर दोनच मोठी गादीसारखी बटणं होती, जितक्या जोरात मारशील तितका ठोसा जोरात. लोकांनी ती बडवून बडवून काय केलं असेल ते तुम्हीच ताडा. सहा बटणांची मांडणी त्यातून निघाली. आणि पॅकमॅनला (१९८०) तर बटणच नाही, नुसती दांडी.

मग सातवं आणि आठवं बटण कुणासाठी? त्या गेमपॅडवरच्या सवयी आहेत. घरगुती कन्सोलचे गेम चालवायचे असतील तर गोष्ट वेगळी. यादीत एकही नाही.

ट्रॅकबॉल मिसाइल कमांड, सेंटिपीड अशांना लागतो. तेही यादीत नाहीत. तो मधोमध बसवला की दोन खेळाडूंमधली सगळी जागा खातो आणि स्ट्रीट फायटरमध्ये उजवा हात त्याच्यावर आपटत राहतो. स्पिनरबद्दल थोडा मऊ पडतो, कारण अर्कानॉइड दांडीवर खेळणं म्हणजे चमच्यानं पोळी खाणं. पण तो कोपऱ्यात वर जाऊ शकतो, आणि नंतरही बसवता येतो.

सहा-सहा बटणं, दोन स्टार्ट, दोन कॉइन. एवढंच करा.

---

नाशिकरोड_लोकल | सोमवार, रात्री १०:०२

+१. माझ्या पॅनेलवर आठ-आठ आहेत. शेवटच्या दोन बटणांवर दोन वर्षांची धूळ आहे. फोटो टाकायचीही लाज वाटते.

---

पिक्सेलताई | सोमवार, रात्री ११:१०

वायरिंगचं नंतर लिहीन, आधी दांडीबद्दल. पॅकमॅन आणि स्ट्रीट फायटर एकाच जॉयस्टिकवर म्हणजे खरी पंचाईत तिथे आहे, बटणांत नाही.

पॅकमॅनला फक्त चार दिशा कळतात. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर वळणाला दांडी किंचित तिरकी गेली की दोन स्विच एकदम लागतात, गेमला कळत नाही कुठं वळायचं, आणि भूत येऊन गिळतं. डॉंकी कॉंग या गेममधल्या शिड्यांवरही तेच. याउलट स्ट्रीट फायटरमध्ये तिरक्या दिशेशिवाय फायरबॉल निघतच नाही.

बऱ्याच जॉयस्टिकच्या तळाला एक प्लॅस्टिकची चकती असते, तिला गेट म्हणतात. ती फिरवून किंवा बदलून आठची चार दिशा करता येते. पण त्यासाठी पॅनेलच्या खाली हात जायला हवा. म्हणून पॅनेल मागच्या बाजूनं बिजागरीवर ठेवा, पेटीच्या झाकणासारखा उघडणारा. आठ स्क्रू काढून गेट बदलायचं म्हटलं तर ते कधीच होणार नाही. कन्या फक्त एक नंबरवर खेळणार असेल तर तेवढीच दांडी बदलत राहा.

गेट चौकोनी की अष्टकोनी यावर लोक तासन्‌तास भांडतात. जे किटमध्ये आलंय त्यावर महिनाभर खेळा, मग भांडायला या.

---

सातपूर_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ६:५०

नाईट शिफ्ट संपवून वाचतोय. पॅनेलपण १८ मिमी प्लायचाच करणार का? तसं असेल तर थांबा.

जपानी पद्धतीची जॉयस्टिक (सान्वा, सेमित्सू आणि त्यांच्या नकला) मुळात पत्र्याच्या पॅनेलसाठी बनवलेली असते. १८ मिमी लाकडाखाली लावली की दांडी अर्धी आतच राहते, वर नुसता गोळा दिसतो. बटणांचंही तेच. क्लिप मारून बसणारी बटणं जाड लाकडात धरतच नाहीत. खालून नट आवळायची घ्यायची तर नटाला आटे उरायला हवेत. अमेरिकन धाटणीची, लांब बॉडीची बटणं जाड प्लायमध्ये चालतात, पण त्यांचं भोक २८ मिमीच्या आसपास असतं. तुमची ३० ची आहेत.

दोन रस्ते. एक, सुताराकडून राउटरनं (लाकूड कोरायचं मशीन) जॉयस्टिकच्या खालची जागा कोरून पातळ करणे. दुसरा, आणि मी यातच काम करतो म्हणून पक्षपाती आहे, २ मिमी एमएस (साधा लोखंडी) पत्रा लेझरवर कापून घेणे. अंबड, सातपूरला लेझरवाले ढिगानं आहेत. डीएक्सएफ फाइल (मशीनला कळणारं ड्रॉइंग) द्या. एकच पीस असेल तर मोठ्या ऑर्डरच्या शीटमधल्या उरलेल्या कोपऱ्यात बसवून देतात, फक्त दोन दिवस थांबायची तयारी ठेवा आणि घाई करू नका. घाई केली की पूर्ण शीटचा भाव लावतात.

पुढची कड खाली फोल्ड करून घ्या, ४० मिमी. पत्रा कडक होतो आणि मनगटाला धार लागत नाही.

---

गुण्या_आणि_रंधा | मंगळवार, सकाळी ९:३०

लाकडाच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. १२ मिमी प्लाय, खालून जॉयस्टिकपुरतं ६ मिमीपर्यंत कोरलं, वर १ मिमी सनमायका. हाताला जे उबदार लागतं ते पत्र्याला जन्मात येणार नाही. नाशिकच्या जानेवारीत सकाळी पत्र्यावर हात ठेवून बघा.

फक्त एमडीएफ नको. राउटरला लोण्यासारखं कापलं जातं म्हणून मोह होतो, पण एक पावसाळा खिडकीजवळ गेला की कडा फुगतात. आणि सनमायका चिकटवल्यावर भोकं वरून खाली पाडायची, खाली टाकाऊ फळी घट्ट क्लॅम्प करून. नाहीतर होल सॉ बाहेर पडताना खालच्या थराची चाळण करतो.

---

सातपूर_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ९:४१

काका, जानेवारीत हातमोजे घालून खेळू 😄

---

कारंजा_कट्टा | मंगळवार, रात्री १०:१५

आठ बटणं गेली. ट्रॅकबॉल गेला, पिनबॉल गेला. स्पिनरसाठी वर कोपरा राखतोय. पत्रा की प्लाय यात मन पत्र्याकडे झुकतंय, कारण गुण्याकाकांसारखा राउटर चालवणारा सुतार मला मिळालेला नाही. आमचे सुतारदादा म्हणाले, "पटाशीनं कोरून देतो." त्यांच्या डोळ्यांतला उत्साह बघून मीच पल्ला उचलून घरी आलो.

दोन खेळाडूंमध्ये अंतर किती ठेवू?

---

पिक्सेलताई | मंगळवार, रात्री ११:००

७५ सेमीत गणित असं बसतं. एक नंबरची दांडी डाव्या कडेपासून १५ सेमीवर. दांडीच्या मध्यापासून पहिल्या बटणाचा मध्य साधारण ६.५ सेमी, पुढं बटणांचं अंतर मध्य ते मध्य ३.६ सेमी. दोन नंबरची दांडी ५० सेमीवर. म्हणजे दोन दांड्यांत ३५ सेमी. दोन मोठी माणसं उभी राहिली तर कोपरं घासणार, पण जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये काय वेगळं होतं?

बटणांची रांग सरळ रेषेत मारू नका. टेबलावर हात सैल ठेवून बघा, मधलं बोट पुढं असतं, तर्जनी मागं. रांगेला तसाच बाक द्या. स्लॅगकॉइन नावाच्या साइटवर जपानी कॅबिनेटांच्या मांडण्यांचे मापासकट साचे आहेत, त्यातला एक उचला.

आणि काहीही झालं तरी जॉयस्टिक तिरकी बसवू नका. काही जण खेळाडू कोनात उभा राहतो म्हणून दांडीही कोनात फिरवतात. दांडीचा "वर" स्क्रीनच्या "वर"शी समांतरच हवा, नाहीतर सरळ चालताना पात्र भिंतीत जातं आणि दोष खेळाडूला मिळतो.

---

नाशिकरोड_लोकल | बुधवार, सकाळी १०:२०

जागा हवी म्हणून कॅबिनेटपेक्षा रुंद पॅनेल करायचा मोह होईल. माझा ९० सेमीचा आहे. बनवला बेडरूममध्ये. बेडरूमचा दरवाजा अडीच फूट. पुढचं लिहीत नाही.

---

व्यवस्थापक | बुधवार, दुपारी १२:००

वरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. गेमच्या रॉम फाइलींच्या लिंका या धाग्यावर नकोत. एमएएमई हे एम्युलेटर, म्हणजे जुने आर्केड गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर (पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७), मोफत आणि मुक्त आहे, पण गेमचे हक्क ज्याचे त्याच्याकडे. पॅनेलवर चर्चा चालू द्या, छान चालली आहे.

---

गुण्या_आणि_रंधा | बुधवार, रात्री ९:१०

कट्टाशेठ, पत्रा कापायला टाकण्याआधी एक करा. पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, कटरनं भोकं पाडा, खरी बटणं बसवा, खरी दांडी खालून फळीच्या तुकड्यावर स्क्रू करा, एन्कोडर जोडा आणि त्यावर आठवडाभर खेळा. टेबलावर पुस्तकं रचून जमिनीपासून ९५ सेमीवर आणा. कागदावर सगळंच छान दिसतं. हात वेगळं सांगतो.

---

कारंजा_कट्टा | मुहूर्ताच्या पुढचा रविवार, दुपारी ४:३०

मुहूर्ताच्या रविवारी भोकं पाडली, पण पुठ्ठ्याला. अहवाल देतो.

पहिला पुठ्ठा वाया गेला. साचा ऑफिसच्या प्रिंटरवर काढला, त्यानं "फिट टू पेज" करून परस्पर लहान केला. भोकं ३० चीच कापली, पण त्यांच्यातलं अंतर ३६ ऐवजी ३४ मिमीच्या आत आलं. बटणांच्या कडा एकमेकींवर चढल्या, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्यासारख्या. एक दाबलं की शेजारचं हलायचं. अर्धा तास मी बटणंच खराब आली म्हणून विक्रेत्याला शिव्या घालत होतो. मग कन्येनं तिच्या कंपासमधली पट्टी आणून साच्यावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, इथं १० लिहिलंय आणि हे साडेनऊपण नाही."

आता साच्यावर एका कोपऱ्यात १०० मिमीची रेघ आखलीय. छापला की आधी ती मोजायची.

दुसऱ्या पुठ्ठ्यावर सहा दिवस खेळलो. कळलं ते असं. एक, मनगट. दांडी मी पुढच्या कडेपासून ८ सेमीवर ठेवली होती, तळहात हवेत लटकत होता आणि दुसऱ्या दिवशी दुखायला लागला. १२ वर नेली, बरं वाटलं. दोन, एक्झिटचं बटण. ते दोन्ही खेळाडूंच्या मधे वर होतं. शेजारचे काका मेटल स्लग खेळायला आले, चौथ्या मिशनच्या बॉसपाशी त्यांचं कोपर त्यावर पडलं. स्क्रीनवर डेस्कटॉप. काका काही बोलले नाहीत, पण चहा न घेता गेले.

तीन, उंची. ९५ सेमी मला बरोबर आहे, कन्येच्या ती हनुवटीला येते. पॅनेल खाली घेऊ का?

---

पिक्सेलताई | रविवार, संध्याकाळी ६:१५

काकांना परत बोलवा आणि एक्झिटचं बटण पॅनेलवरून काढूनच टाका. एमएएमईच्या इनपुट सेटिंगमध्ये एका कामाला दोन बटणं एकत्र नेमता येतात. एक नंबरचं कॉइन आणि स्टार्ट एकदम दाबलं की बाहेर, असं करा. चुकून दोन्ही दाबली जात नाहीत. आवाजालाही अशीच जोडी द्या. पॅनेलवर कमी भोकं आणि खाली कमी वायरी.

कॉइन आणि स्टार्टला २४ मिमीची छोटी बटणं घ्या आणि ती पुढच्या फोल्ड केलेल्या कडेत बसवा. म्हणजे ती कड ४० ची नाही, ६० मिमीची करा. तिथं हात जाणूनबुजूनच जातो.

उंची कमी करू नका. कन्या दोन-तीन वर्षांत वाढेल, तुम्ही नाही. स्टूल द्या.

---

मुस्तफाभक्त | रविवार, संध्याकाळी ६:४०

तिसरा प्लेअर. मी विसरलेलो नाही.

---

पिक्सेलताई | रविवार, संध्याकाळी ७:०५

@मुस्तफाभक्त, तुमच्यासाठी पुढच्या कडेत एक यूएसबी सॉकेट. गेमपॅड घेऊन या, लावा, खेळा. जाता जाता, तिघांच्या दांड्या ७५ सेमीत बसवल्या तर तुमचा बॉडी मास इंडेक्स विचारावा लागेल.

आता वायरिंग.

प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच असतो. त्याला तीन पाय असतील तर त्यावर कॉम (सामाईक), एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा), एनसी (दाबल्यावर तुटणारा) असं कोरलेलं दिसेल. आपल्याला कॉम आणि एनओ हवे. एनसी वापरलं तर गेम सुरू होताच पात्र स्वतःच ठोसे मारत सुटेल आणि दाबल्यावर थांबेल. ग्राउंडसाठी प्रत्येक बटणापासून बोर्डापर्यंत वेगळी वायर ओढू नका. एकाच वायरीची माळ करा, या बटणावरून त्या बटणावर, आणि शेवटचं टोक बोर्डाच्या ग्राउंडला. दर खेळाडूला चार दिशा, सहा बटणं, कॉइन, स्टार्ट मिळून बारा सिग्नल आणि एक ग्राउंडची माळ. लग (वायरीच्या टोकाला लावायची क्लिप) विकत घेताना स्विचचे पाय मोजा, २.८ मिमी आणि ४.८ मिमी असे दोन प्रकार येतात, आणि ४.८ चा लग २.८ च्या पायावर पक्कडनं दाबून बसवायचा उद्योग प्रत्येक जण एकदा करतोच.

किटमधल्या बोर्डांबद्दल एक धोक्याची सूचना. दोन एकसारखे यूएसबी बोर्ड असले की पीसी रीस्टार्ट झाल्यावर कधीकधी त्यांची अदलाबदल होते, एक नंबर दोन होतो. नावं सारखीच असल्यामुळे कॉम्प्युटरला ओळख पटत नाही. आय-पॅकसारखा एन्कोडर दोन्ही खेळाडू एकाच बोर्डावर घेतो (३२ इनपुट) आणि कीबोर्ड असल्याचं सोंग करतो, त्यामुळे ही भानगडच राहत नाही. स्वस्तात हेच करायचं तर प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड घ्या, त्यातली एटीमेगा३२यू४ चिप स्वतः यूएसबी कीबोर्ड बनू शकते. घरात पडलेला जुना अर्डुइनो ऊनो नको, त्याच्या मुख्य चिपला ते जमत नाही. प्रो मायक्रोला पिना कमी पडतात, मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या वायरींची जाळी) करावी लागेल आणि डायोड लावावे लागतील. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर जीपी२०४०-सीई हे सॉफ्टवेअर टाकलं तर एका पिकोवर एक खेळाडू सहज मावतो, पण मग पुन्हा दोन बोर्ड आलेच.

जुना कीबोर्ड फोडून त्याचा बोर्ड वापरा असं कुणी सुचवेल. तीन-चार बटणं एकदम दाबली की साधा कीबोर्ड एखादं गिळतो किंवा न दाबलेलं उमटवतो. मुस्तफात दोघं भांडत असताना बरोबर हेच होणार.

---

कारंजा_कट्टा | रविवार, रात्री १०:२०

ताई, दंडवत. एक एन्कोडर, दोन्ही खेळाडू, असंच करतो. किटमधले दोन बोर्ड मुस्तफाभक्तांना सप्रेम भेट.

---

सातपूर_शिफ्ट | सोमवार, सकाळी ७:१५

फाइल बनवताना तीन गोष्टी. पावडर कोटिंग करणार असाल तर एका बाजूला ६०-८० मायक्रॉनचा थर चढतो, भोकाच्या आतल्या कडेलाही. ३० चं भोक ३०.३ काढा, नाहीतर बटण ठोकून बसवावं लागेल आणि रंग सोलेल. दांडीसाठी २४ मिमी पुरे, वरची गोल चकती ते झाकते. जॉयस्टिकचे बोल्ट वरून नकोत, २ मिमी पत्र्यात काउंटरसंक (डोकं आत बुडवायचा खड्डा) नीट बसत नाही, डोकं वर राहतं आणि हाताला टोचतं. खालून स्टड वेल्ड करून घ्या.

आणि अर्थिंग. कॅबिनेटमध्ये टीव्ही आणि एसएमपीएसचे (पीसीचा पॉवर सप्लाय) २३० व्होल्ट आहेत, वर लोखंडी पॅनेल आहे, त्यावर लेकरू हात ठेवून उभं राहणार आहे. पॅनेलच्या खालच्या बाजूला एका ठिकाणी कोटिंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, गोल लग नट-बोल्टनं आवळा आणि अर्थची वायर जोडा. कोटिंगवरच लग आवळलात तर ते नुसतं दिसायला अर्थिंग. मल्टिमीटर लावा, बीप वाजला पाहिजे. बिजागरीच्या भरवशावर राहू नका.

---

गुण्या_आणि_रंधा | सोमवार, सकाळी १०:००

शिफ्टराव, लाकूड हरलं, पण हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे.

कट्टाशेठ, फाइल देताना वरची बाजू कोणती ते त्यावर लिहा. मी एकदा प्लायवर खालच्या बाजूनं आखणी केली, तीही रात्री अकराला. उलटून बघतो तर दांड्या उजवीकडे, बटणं डावीकडे. तो पॅनेल आज आमच्या गच्चीत कुंड्यांचा स्टँड आहे. भोकांत कुंड्या बरोबर बसतात.

---

सिन्नरकर | सोमवार, दुपारी ३:३०

टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर एवढं सगळं करून बटण दाबल्यावर ठोसा उशिरा पडेल. (वाचतोय मी सगळं.)

---

कारंजा_कट्टा | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:५०

झालं!

पत्रा अंबडला कापला. घाई केली नाही, तीन दिवस लागले, भाव कोपऱ्याचाच लागला. गर्द निळा पावडर कोट. ३०.३ ची भोकं, बटणं अंगठ्याच्या दाबानं "टक्" करून बसली. तो आवाज ऐकायला बायकोलाही बोलावलं, ती म्हणाली "बरं." अर्थिंगचा बीप वाजला. गेट फिरवायला झाकण उघडतं, एका हातानं.

आज संध्याकाळी पहिल्यांदा चालू केलं. एक नंबरवर कन्या, गेट चार दिशांवर, पॅकमॅन. तिनं दांडी वर ढकलली, पॅकमॅन खाली. डावीकडे ढकलली, तो उजवीकडे. दोन मिनिटं तशीच खेळली आणि मग थंडपणे म्हणाली, "बाबा, हा रिव्हर्स गिअरमध्ये आहे."

वायरी चार वेळा तपासल्या. वरच्या स्विचची वायर "वर"लाच आहे. काय झालं असेल?

---

पिक्सेलताई | रविवार, सकाळी ७:३०

पॅनेलच्या खालून बघा आणि दांडी हळूच वर ढकला. दांडी मधे टेकलेली असते, त्यामुळे वरचं टोक पुढं गेलं की खालचं टोक मागं येतं आणि मागचा स्विच दाबतं. म्हणजे तुमच्या जवळचा स्विच "वर"चा, स्क्रीनकडचा "खाली"चा, आणि डाव्या-उजव्याचंही तसंच. चार लग अदलून बदलून लावा, पाच मिनिटांचं काम. एमएएमईमध्येही उलटवता येईल, पण वायरीच सरळ करा, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हीच गोंधळाल.

मी लिहायला हवं होतं हे. सॉरी.

---

कारंजा_कट्टा | रविवार, सकाळी ९:१०

पाच मिनिटं नाही, चार. दोन नंबरचीही तशीच होती, तीपण केली. पॅकमॅन सरळ चालतोय. शेजारच्या काकांना निरोप धाडलाय, चहा ठेवलाय.

---

मुस्तफाभक्त | रविवार, सकाळी ९:१४

गेमपॅड पिशवीत टाकलाय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना मिसळ आणू का?

---

कारंजा_कट्टा | रविवार, सकाळी ९:२०

मिसळ आणा, पाव जास्त घ्या. आणि जमलं तर एक स्टूलपण. घरात एकच आहे आणि त्यावरून कन्या उतरायला तयार नाही.